गाडी विचारते, “अपडेट करू का?”



आमच्या गटाने कर्ज काढून बॅटरीवर चालणारी चारचाकी घेतली, हे तुम्हाला ठाऊक आहे. पापड, शेवया, मसाले घेऊन ती बाजाराला जाते. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं तर तीच निघते. चालवते आमचीच एक ताई.

गेल्या पावसाळ्यात पहाटे माल भरून ताईंनी गाडी सुरू केली, तर पडद्यावर अक्षरं आली : नवीन अपडेट आलं आहे, आता करायचं का? मोबाइलवर आपण न वाचता ‘हो’ दाबतो, तसंच त्यांनी दाबलं. पुढची चाळीस मिनिटं गाडी जागची हलली नाही. बाजारातली आमची जागा गेली, निम्मा माल परत आला. बैठकीत ठरलं, यापुढे अपडेट करायचंच नाही! मग आम्ही जरा चौकशी केली, आणि तेही चूक आहे हे कळलं.

आजच्या गाडीत ब्रेक, बॅटरी, चार्जिंग यांवर छोटे कॉम्प्युटर लक्ष ठेवतात. त्यांना दिलेल्या सूचना म्हणजे सॉफ्टवेअर. त्यात चूक निघाली की दुरुस्ती गाडीतल्या सिमवरून किंवा वायफायवरून येते. 2015 साली अमेरिकेत दोन संशोधकांनी चालती जीप दूर बसून इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली. कंपनीला सुमारे 14 लाख गाड्यांची दुरुस्ती जाहीर करावी लागली आणि मालकांना पेनड्राइव्ह पोस्टाने धाडावे लागले. डिसेंबर 2023 मध्ये टेस्लाने अमेरिकेतल्या 20 लाखांहून जास्त गाड्यांसाठी सुरक्षेची दुरुस्ती काढली, ती मात्र घरबसल्या हवेतूनच पोचणारी. अशी दुरुस्ती नाकारणं म्हणजे मोडकी कडी तशीच ठेवून झोपणं.

पण प्रत्येक अपडेट भल्याचंच असतं, असंही नाही. 2019 मध्ये टेस्लाच्या एका अपडेटनंतर काही जुन्या मॉडेल एस गाड्यांची बॅटरी पूर्वीइतकी भरेना. मालक कोर्टात गेले, आणि 2021 मध्ये कंपनीने 15 लाख डॉलर देऊन तडजोड केली. नोव्हेंबर 2023 मध्ये रिव्हियन कंपनीकडून चुकीची फाइल गेली आणि काही गाड्यांचे पडदेच बंद पडले. शिवाय एकदा केलेलं अपडेट आपल्याला सहसा मागे घेता येत नाही.

म्हणून आम्ही आता आधी वाचतो. इंग्रजी असलं तर कॉलेजातल्या मुलीकडून वाचून घेतो, त्यात लाज कसली? ब्रेक, बॅटरी, चार्जिंग किंवा सुरक्षा यांचं असेल तर त्याच आठवड्यात करायचं. नुसती नवी चित्रं, नवी गाणी असतील तर पंधरा दिवस थांबायचं. तोवर शोरूमला फोन करून विचारायचं, इतरांच्या गाड्यांना काही त्रास झाला का. करताना गाडी घरी उभी हवी, चार्जिंग भरपूर हवं, नेटवर्क धड हवं. पुढचे दोन-तीन तास कुठे जायचं नसावं. पुढची छोटी 12 व्होल्टची बॅटरी अशक्त असेल तर काम अर्धवट राहू शकतं, तीही तपासून घ्या. पूर्ण चार्जवर गाडी किती किलोमीटर दाखवते, ते आधी आणि नंतर वहीत लिहायचं. फरक पडला तर शोरूमला दाखवायला आपल्याकडे पुरावा राहतो.

आणि हो, अपडेटचं विचारणं गाडीच्या पडद्यावर किंवा कंपनीच्या अ‍ॅपवर येतं. व्हॉट्सॲपवर लिंक आली, कुणी ओटीपी मागितला, तर ती फसवणूक समजा.

गाडी सगळ्यांची, तेव्हा बोट एकीचं असलं तरी निर्णय गटाचा. मागच्या आठवड्यात पुन्हा निरोप आला, चार्जिंगच्या सुरक्षेचा. करायचं तर होतंच. पण आमच्या एका सदस्येच्या सुनेचे दिवस भरलेत, रात्री गाडी लागली तर? काकू म्हणाल्या, “बाळ काय अपडेट संपायची वाट बघेल होय?” शेवटी रविवारी दुपारी करायचं ठरलं. शेजारच्या जीपवाल्या भाऊंना तेवढा वेळ गावातच थांबायला सांगितलं, दवाखान्याचा आणि रुग्णवाहिकेचा, म्हणजे 108 नंबर भिंतीवर लिहिला. पन्नास मिनिटं लागली. किलोमीटर आधीइतकेच दाखवतेय, वहीत नोंद आहे. सून अजून घरीच आहे.