इतिहास मंडळांच्या सभा
एखाद्या गावाच्या वा प्रदेशाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या मंडळाने ठराविक काळाने, सामान्यतः महिन्यातून एकदा किंवा दोनदा, भरविलेली व सर्वांस खुली असलेली सभा. तीत निबंधवाचन वा व्याख्यान होते, नवी साधने दाखविली जातात आणि त्यांवर चर्चा होते. श्रोत्यांना तयार ज्ञान देणारी व्याख्यानमाला आणि ही सभा यांत फरक आहे. येथे पुरावा अजून पारखावयाचा असतो आणि त्या पारखीत श्रोतेही भाग घेतात.

मुंबईत १८०४ मध्ये स्थापन झालेल्या लिटररी सोसायटीत विद्वत्तापूर्ण निबंध वाचले जात. पण तेथील व्यवहार इंग्रजीतून चाले. मराठीतून इतिहाससाधनांची जाहीर चिकित्सा करण्याची परंपरा मुख्यतः पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळामुळे रुजली. वि. का. राजवाडे व खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी हे मंडळ ७ जुलै १९१० रोजी स्थापिले. मंडळाच्या पाक्षिक सभांत वाचलेले निबंध व टिपणे पुढे इतिवृत्तांत, संमेलनवृत्तांत व त्रैमासिकात छापली जात.

अशा सभांची निकड त्या काळच्या परिस्थितीतून उत्पन्न झाली. पेशवे दप्तर सरकारी ताब्यात होते. त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ भागांत छापले गेले, ते १९३० नंतर. उरलेली साधने देशमुख, देशपांडे, कुळकर्णी, जोशी, उपाध्ये यांच्या घरी रुमालांत बांधून पडली होती. वाळवी, पावसाळा आणि वाटण्या यांनी त्यांचा नाश चालला होता. वतनाच्या तंट्याच्या भीतीने मालक कागद दाखविण्यास कचरत. आपल्याच भागातील एखाद्या घराण्याचा कागद सभेत मानाने वाचला जातो, हे पाहिल्यावर ही भीड काही अंशी मोडे. सभेचे खरे फलित पुष्कळदा व्याख्यानात नसून ते संपल्यावर एखाद्या श्रोत्याने आपल्या घरच्या दप्तराविषयी केलेल्या उल्लेखात असे.

कागद मांडण्याची रीत साधी, पण काटेकोर असते. तो कोणाच्या संग्रहातून आला, अस्सल आहे की नक्कल, कागद, शाई व मोडी वळण कोणत्या काळाशी जुळते, शिक्का व मोर्तब यथास्थित आहे काय, हे प्रथम सांगावे लागते. त्यानंतर कालनिर्णय येतो. शुहूर सनात ५९९ वा ६०० मिळविल्यास इसवी सन मिळतो. परंतु हे वर्ष मृग नक्षत्री पालटत असल्याने महिना न पाहता केलेली बेरीज फसवी ठरते. वतनाच्या हक्कासाठी बनावट सनदा रचल्या जात असल्यामुळे ही छाननी अनावश्यक पांडित्य मानता येत नाही. फार्सी कागदांबाबत अडचण अधिक असे. मंडळाचे ग. ह. खरे यांनी ऐतिहासिक फार्सी साहित्य या मालेतून ते मूळ संहितेसह व मराठी भाषांतरासह वाचकांपुढे ठेवले.

अशा जाहीर मांडणीचे सर्वांत दूरगामी उदाहरण जेधे शकावलीचे होय. भोरजवळच्या कारी येथील जेधे देशमुखांकडील ही शकावली लोकमान्य टिळकांनी मिळविली व ती १९१६ मध्ये मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात प्रसिद्ध झाली. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात (१६२७) झाला, ही तोपर्यंत रूढ असलेली समजूत होती. शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य ३ (१९ फेब्रुवारी १६३०) अशी नोंद होती. एका घराण्याच्या टाचणावरून रूढ तिथी सोडण्यास पुष्कळांचा विरोध होता, आणि तो सर्वस्वी गैर म्हणता येणार नाही. पुढे स. म. दिवेकर यांनी प्रसिद्ध केलेल्या कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात (१९२७) व जोधपूरकडील एका जन्मकुंडलीत हीच तिथी आढळली. वाद तरीही मिटला नाही. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली ती २००१ मध्ये. तिथीनुसार जयंती साजरी करणारेही आहेत.

राजवाडे यांच्या मृत्यूनंतर (१९२६) धुळे येथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ निघाले (१९२७) आणि अन्यत्रही अशा संस्था झाल्या. त्यांच्या सभांत दोन प्रवृत्ती आढळतात. जेथे मूळ कागद, नाणे वा शिलालेखाचा ठसा समोर ठेवून बोलण्याचा नियम पाळला गेला, तेथे श्रोते थोडे पण जाणते राहिले. जेथे वक्तृत्वाला महत्त्व आले, तेथे गर्दी वाढली आणि प्रश्नोत्तरांचा वेळ आटला. सभेतील चर्चा लिहून ठेवण्याची शिस्त सुटली, की तोंडी पुढे आलेली गावनावे, घराण्यांचे संबंध व स्थळांच्या खुणा यांची माहिती सांगणाऱ्याबरोबरच नष्ट होते. छापील निबंधात ती क्वचितच उतरते; म्हणून मंडळांची जुनी इतिवृत्ते, त्यांतील शंका व हरकतींच्या नोंदींसह, आज स्वतंत्र साधन म्हणून वापरली जातात.