दत्तकपत्र झाले, मग व्हिसा का नाही?

कसबा पेठेतील जुन्या वाड्यांना दत्तक नवे नाही. निपुत्रिक भावाच्या ओटीत धाकट्याचा मुलगा घालायचा, दत्तहोम करायचा, पंक्ती उठल्या की विधी संपला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने तर होमाचीही सक्ती ठेवली नाही. मूल प्रत्यक्ष देणे-घेणे पुरेसे ठरले आणि दत्तकपत्र नोंदलेले असेल, तर दत्तविधान कायदेशीर झाले असे न्यायालय गृहीत धरते. त्यामुळे अमेरिकेतील भाऊ सुटीत येऊन दत्तकपत्र नोंदवून गेला, की पुढच्या महिन्यात मुलाचे तिकीट काढता येईल, असे घरच्यांना वाटते. घोटाळा तेथेच होतो.

दत्तकपत्राने भारतात नाते सिद्ध होते; व्हिसा देणारा देश मात्र ते नाते स्वतःच्या कायद्याने पारखतो. आंतरदेशीय दत्तकासंबंधीचा १९९३ चा हेग करार भारतात १ ऑक्टोबर २००३ पासून आणि अमेरिकेत १ एप्रिल २००८ पासून लागू झाला. या कराराचा क्रम आपल्या रीतीच्या नेमका उलटा आहे. आधी पालकांची पात्रता, मग दोन्ही देशांच्या यंत्रणांची संमती आणि शेवटी दत्तक. अमेरिकन नागरिक असलेल्या दाम्पत्याने दत्तकपत्र आधी केले, तर कागद खरा असूनही व्हिसाचे काम अडते. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्यांची कोंडी निराळी. दत्तक मुलाला अवलंबिताचा व्हिसा मिळण्यासाठी ते सोळा वर्षांच्या आत दत्तक गेलेले असावे लागते, शिवाय पालकांच्या कायदेशीर ताब्यात आणि सहवासात दोन वर्षे राहिलेले असावे लागते. मूल पुण्यात आणि पालक परदेशात, तर ही दोन वर्षे भरायची कशी?

एवढा संशय कशासाठी? परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचा व्यापार होतो, अशी तक्रार करणाऱ्या लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पहिले कडक नियम घातले. पुण्याला तर हा विषय घरचाच आहे. ‘प्रीतमंदिर’ या येथील संस्थेवर २००६ मध्ये दूरचित्रवाणीच्या छुप्या चित्रीकरणातून दत्तकासाठी अवाजवी पैसे मागितल्याचे आरोप झाले. गरीब आईबापांकडून मुले कशी घेतली गेली, असाही प्रश्न उभा राहिला. विश्वस्तांनी आरोप नाकारले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि तेथून सीबीआयकडे गेले. अशा वेळी दूतावासातील अधिकारी प्रत्येक संमतीपत्र पुन्हा उलगडून पाहतो, आणि त्याला सर्वस्वी दोष देता येत नाही. मूल सोपवणाऱ्या आईवडिलांना फेरविचारासाठी आज साठ दिवसांची मुदत आहे, तीही याच शंकेपोटी.

पण सख्ख्या पुतण्याला आणि अनाथालयातील बाळाला एकाच चाळणीतून काढावे का? कागदावर ‘काका’ लिहिणारा खरोखर काका आहे, हे कोणीतरी तपासायलाच हवे. मात्र ते कोणी तपासायचे हेच बरीच वर्षे ठरलेले नव्हते. हिंदू कायद्याने झालेल्या दत्तकाला ना हरकत पत्र देण्याची वाट ‘कारा’ या केंद्रीय दत्तक यंत्रणेकडे नव्हती, म्हणून पालक उच्च न्यायालयाचे उंबरे झिजवीत. २०२१ च्या नियमांनी ही पडताळणी जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवली. त्यांचा अहवाल आणि परदेशी यंत्रणेची संमती आल्यावर ‘कारा’ पत्र देते.

उलट दिशेनेही रस्ता सोपा नाही. भारतात राहणाऱ्या एका दाम्पत्याला नात्यातील, पण अमेरिकन नागरिक असलेले मूल दत्तक हवे होते. मूलभूत हक्क म्हणून तसे मागता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. ते मूल बाल न्याय कायद्याच्या अर्थाने निराधार नव्हते. दत्तकाची प्रक्रिया आधी अमेरिकेत पुरी करावी, असे त्यांना सांगण्यात आले.

तेव्हा ज्यांच्या घरी असा विचार चालू असेल, त्यांनी मुहूर्त पाहण्यापूर्वी परदेशातील दत्तक यंत्रणेला आणि ‘कारा’ला विचारावे. दत्तकपत्राचा मुद्रांक त्यानंतर घ्यावा. एकदा झालेले वैध दत्तक रद्द करता येत नाही, आणि चुकलेला क्रम निस्तरेपर्यंत मूल एकीकडे आणि कायद्याने त्याचे झालेले आईवडील दुसरीकडे राहतात.