पाटी एकाची, धंदा दुसऱ्याचा!

मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज असो, घरपट्टी असो की बँकेचा फोन नंबर, आजकाल आपण गुगललाच विचारतो. जे नाव सर्वांत वर येते ते खरे मानतो. त्यात शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असा सरकारी पत्ता दिसला, की मग शंका कसली?

पण मे २०२४ मध्ये काय उघडकीला आले? गोवा, कर्नाटक, केरळ, बिहार अशा राज्यांच्या काही सरकारी वेबसाइटवर कुणीतरी चोरून पाने घुसवली होती. गुगलमध्ये पत्ता सरकारी दिसायचा आणि बोट लावताच माणूस सट्ट्याच्या वेबसाइटवर पोहोचायचा!

हे घडते कसे? १९९८ साली लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन यांनी गुगल उभे केले, ते एका साध्या विचारावर. ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात, ते पान महत्त्वाचे. आणि बोट दाखवणारा जेवढा मान्यवर, तेवढे त्याचे वजन जास्त. वस्तीत चार जाणत्या माणसांनी ज्याचे नाव घेतले, त्याच्यावर आपण विश्वास ठेवतो, तसेच हे. काल उघडलेल्या भामट्याच्या वेबसाइटला अशी पत कुठून येणार? म्हणून तो दुसऱ्याची पत चोरतो.

शाळा, लहान संस्था, सरकारी खाते यांची वेबसाइट एकदा तयार झाली, की पुढे तिच्याकडे बघतो कोण? जुने सॉफ्टवेअर, सोपा पासवर्ड. चोर आत शिरतो आणि हजारो पाने टाकून ठेवतो. खरी लबाडी पुढेच आहे. गुगलचे यंत्र आले की त्याला एक पान दाखवायचे, गुगलमधून येणाऱ्या माणसाला भलतीकडे पाठवायचे आणि मालकाने स्वतः पत्ता टाकून उघडले तर त्याचे नेहमीचे पान समोर ठेवायचे! मालक म्हणतो, सारे ठीक आहे. एका प्रकारात तर ही पाने चक्क जपानी लिपीत असतात, नकली मालाच्या जाहिरातींची. दिसली तरी आपल्याला वाचता कुठे येणार?

बंद पडलेल्या संस्थेच्या पत्त्याची मुदत संपली, तर तोही विकत घेऊन असाच वापरतात. मार्च २०२४ मध्ये गुगलने याविरुद्ध नियम केला, पण भामटे काही थांबलेले नाहीत.

तेव्हा बँकेचा नंबर गुगलवर शोधूच नका. तो पासबुकावर आणि एटीएम कार्डाच्या मागे छापलेला असतो. सरकारी पत्त्याखाली रमी, सट्टा असे शब्द दिसले तर बोट लावू नका. पान उघडल्यावर वरचा पत्ता बदलला, तर तेथूनच परत फिरा. आपल्या मंडळाची वा शाळेची वेबसाइट असेल, तर गुगलमध्ये इंग्रजीत ‘साइट’, त्याला जोडून दोन टिंबे आणि लगेच आपला पत्ता लिहा. आपल्या नावावर काय काय खपते आहे, ते डोळ्यांनी दिसेल.

आणि पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नका. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. जेवढ्या लवकर कळवाल, तेवढी ते पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त.