वारस घरचा की बाहेरचा?

एखादे जबाबदारीचे पद रिकामे झाले, की ते संस्थेत वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला बढती देऊन भरावे, की बाहेरून कोणी नामवंत आणून बसवावा, हा प्रश्न नवा नाही. सरकारी खात्यांत तो ‘पदोन्नती की सरळसेवा’ या नावाने ओळखला जातो. महाविद्यालयांत प्राचार्यपदाच्या मुलाखतींपूर्वी तो कुजबुजीच्या रूपाने वावरतो. बँका आणि कारखाने यांच्या संचालक मंडळांपुढेही तो दर काही वर्षांनी येतच असतो. तथापि या सर्व ठिकाणी एक अडचण आहे. केलेली नेमणूक योग्य ठरली की अयोग्य, याचा निर्विवाद पुरावा तेथे क्वचितच मिळतो. खात्याचे काम सुधारले की बिघडले, यावर दोन माणसांचे एकमत होत नाही. व्यावसायिक फुटबॉलमध्ये ही अडचण नाही. तेथे दर आठवड्याला सामना होतो, निकाल हजारोंच्या डोळ्यांदेखत लागतो आणि मोसमाच्या अखेरीस गुणतक्ता सर्वांपुढे येतो. म्हणूनच, ज्याला त्या खेळात फारसा रस नाही अशा वाचकानेही बढती आणि बाहेरची भरती यांचा वाद समजून घेण्यासाठी फुटबॉल संघांच्या इतिहासाकडे वळावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बुटांच्या खोलीतील शाळा

या संदर्भात सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधील लिव्हरपूल संघाचे आहे. इंग्लिश फुटबॉलमध्ये ‘मॅनेजर’ हा केवळ कारभारी नसतो. संघाची निवड, खेळाडूंची तयारी आणि नव्या खेळाडूंची खरेदी या तिन्हींवर परंपरेने त्याचाच अधिकार चालत आला. १९५९ च्या डिसेंबरमध्ये लिव्हरपूलने हे पद बिल शँक्ली यांना दिले. त्या वेळी संघ दुसऱ्या श्रेणीत खितपत पडला होता. शँक्ली हडर्सफील्डहून आलेले, म्हणजे सर्वस्वी बाहेरचे. नवा अधिकारी आला की जुन्या माणसांना हलवून आपली माणसे आणतो, हा जगाचा रिवाज. शँक्ली यांनी तसे केले नाही. बॉब पेस्ली, जो फेगन, रूबेन बेनेट हे आधीपासून तेथे असलेले प्रशिक्षक त्यांनी आपापल्या जागी कायम ठेवले.

हे सहकारी मैदानाच्या इमारतीतील एका लहानशा खोलीत जमत. खेळाडूंचे बूट ठेवण्याची ही खोली. बसायला उलटी घातलेली लाकडी खोकी असत. रोजच्या सरावात काय केले, कोणाला दुखापत झाली, कशाचा उपयोग झाला, याच्या नोंदी वह्यांत ठेवल्या जात आणि सामन्यांची चर्चा तेथेच होई. औपचारिक शिक्षण नव्हे, पण शिक्षणच. लिव्हरपूल १९६२ साली पहिल्या श्रेणीत परतले आणि १९६४, १९६६ व १९७३ साली लीग विजेते ठरले.

१९७४ साली शँक्ली अचानक निवृत्त झाले. संघ आता वैभवात होता. कोणताही नामांकित मॅनेजर तेथे आनंदाने आला असता. संचालकांनी मात्र पेस्ली यांना बढती दिली. पेस्ली १९३९ साली खेळाडू म्हणून या संघात आले होते. खेळ थांबल्यावर त्यांनी तेथेच राखीव संघाची तयारी करून घेण्याचे आणि दुखापतींवर उपचार करण्याचे काम केले होते. पुढील ९ वर्षांत त्यांनी ६ लीग विजेतेपदे आणि ३ युरोपियन कप जिंकले. त्यांच्यानंतर १९८३ साली फेगन आले आणि पहिल्याच मोसमात लीग, लीग कप व युरोपियन कप अशी तीन विजेतेपदे घेऊन गेले. १९८५ साली संघाचे खेळाडू केनी डॅल्ग्लिश यांच्याकडे सूत्रे आली. त्यांनी आणखी ३ लीग विजेतेपदांची भर घातली. म्हणजे १९७४ ते १९९० या १६ मोसमांत घरातल्या तीन माणसांनी १० लीग विजेतेपदे आणि ४ युरोपियन कप मिळवून दिले.

येथे एक बारकावा नजरेआड होऊ नये. हा संघ बाहेरून खेळाडू घेत नसे असे मुळीच नाही. डॅल्ग्लिश हे स्वतः १९७७ साली सेल्टिक संघाकडून ४ लाख ४० हजार पौंडांना, त्या काळच्या ब्रिटनमधील विक्रमी किमतीला विकत घेतलेले. इयन रश १९८० साली चेस्टरहून आले. पण विकत घेतलेल्या या तरुणाला पहिल्या मोसमाचा बराचसा काळ राखीव संघातच खेळावे लागले. बाहेरून आलेल्याने आधी घरची रीत शिकावी आणि मग मुख्य मैदानावर उतरावे, अशी ही पद्धत होती.

अनुभवाची किंमत

अर्थशास्त्राच्या भाषेत याचे स्पष्टीकरण कठीण नाही. गॅरी बेकर यांनी १९६४ साली मानवी भांडवलावरील आपल्या ग्रंथात दोन प्रकारच्या कौशल्यांत भेद केला. काही कौशल्ये कोठेही उपयोगी पडतात. काही केवळ एका विशिष्ट संस्थेतच. कोणत्या कपाटात कोणती फाइल आहे, कोणाचा शब्द चालतो, मागच्या वेळी हाच प्रयोग का फसला, हे ज्ञान पदवीने मिळत नाही आणि नोकरी सोडताना बरोबर नेताही येत नाही. पेस्ली यांच्याजवळ या दुसऱ्या प्रकारच्या भांडवलाचा पस्तीस वर्षांचा साठा होता. १९७१ साली डोरिंजर आणि पिओर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की अनेक मोठ्या उद्योगांत बाहेरचा माणूस फक्त खालच्या पायरीवरून आत येऊ शकतो आणि वरच्या जागा आतूनच भरल्या जातात. हा निव्वळ हितसंबंधांचा खेळ नसतो. वडीलधारा कामगार नवख्याला मनापासून शिकवतो, तो उद्या हाच नवखा आपली जागा बळकावणार नाही अशी खात्री असते म्हणून. शिवाय बढतीची आशा हा पगाराचाच एक भाग असतो, फक्त तो उशिरा मिळतो.

बाहेरच्या भरतीचा खर्चही मोजला गेला आहे. मॅथ्यू बिडवेल यांनी २०११ साली अमेरिकेतील एका गुंतवणूक बँकेच्या नोंदी अभ्यासल्या. एकाच पदावर बढतीने आलेल्यापेक्षा बाहेरून आलेल्याला सुमारे १८ टक्के अधिक वेतन मिळत होते. त्याचे शिक्षण आणि अनुभव कागदोपत्री सरस होता. आणि तरीही पहिली दोन वर्षे त्याच्या कामाचे मूल्यमापन कमी प्रतीचे होते. कारण उघड आहे. घरच्या माणसाचे गुण आणि अवगुण दोन्ही ठाऊक असतात. बाहेरच्याचे फक्त गुणच अर्जात लिहिलेले असतात!

परंपरेची दुसरी बाजू

हे सर्व खरे असले, तरी एवढ्यावरच थांबणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होईल. डॅल्ग्लिश यांनी १९९१ साली पद सोडल्यावर संघाचे माजी कर्णधार ग्रेम सूनेस आले. ते सात वर्षे अन्यत्र राहून परतले होते. त्यांनी जुन्या खेळाडूंना झपाट्याने निरोप दिला. त्यांच्याच कारकिर्दीत, १९९३ साली, ती बुटांची खोलीही पाडली गेली. १९९४ साली परंपरा पुन्हा जोडावी म्हणून रॉय इव्हान्स यांना बढती मिळाली. ते याच शाळेत वाढलेले, सर्वांना प्रिय असलेले गृहस्थ. त्यांच्या पदरात १९९५ चा एक लीग कप पडला. दरम्यान जग बदलले होते. १९९६ साली आर्सेन वेंगर हे फ्रेंच गृहस्थ जपानमधून आर्सेनल संघात आले आणि त्यांनी खेळाडूंच्या आहारापासून सरावापर्यंत सारे बदलले. १९९८ साली आर्सेनलने लीग आणि एफए कप ही दोन्ही विजेतेपदे जिंकली. जुन्या वह्यांत या नव्या प्रश्नांची उत्तरे नव्हती. ज्या घरात सर्व जण एकाच गुरूचे शिष्य असतात, तेथे चूकही एकमताने होते.

लिव्हरपूलला पुढचे लीग विजेतेपद मिळण्यास २०२० साल उजाडावे लागले, आणि ते मिळवून देणारे युर्गन क्लॉप हे २०१५ साली आलेले जर्मन. त्यांच्यानंतर नेदरलँड्समधून आलेल्या आर्ने स्लॉट यांनी २०२५ साली पहिल्याच मोसमात ते पुन्हा मिळवले. तेव्हा घरचा माणूस नेहमीच श्रेष्ठ, असा सिद्धांत या इतिहासावरून मांडता येणार नाही.

अशी तुलना करताना आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. घरच्याला बढती मिळते ती बहुधा सारे सुरळीत असताना. बाहेरच्याला बोलावणे जाते ते घर जळू लागल्यावर. दोघांच्या निकालांची सरळ तुलना केली, तर एकावर अन्याय होतो आणि दुसऱ्याला फुकटचे श्रेय मिळते. बास तेर वेल यांनी १९८६ ते २००४ या काळातील डच संघांचा अभ्यास केला. प्रशिक्षक बदलल्यावर निकाल सुधारतात हे खरे. पण तितक्याच वाईट अवस्थेतून जाणाऱ्या आणि प्रशिक्षक न बदलणाऱ्या संघांचे निकालही तसेच सुधारतात, असे त्यांना आढळले. ओहोटीनंतर भरती यायचीच. त्या वेळी किनाऱ्यावर जो उभा असेल तो ती आपण आणली असे सांगतो.

मँचेस्टरचा धडा

मग निर्णायक गोष्ट कोणती? मँचेस्टर युनायटेडचा अनुभव येथे उपयोगी पडतो. ॲलेक्स फर्ग्युसन १९८६ साली ॲबर्डीनहून आले, तेही बाहेरचेच. पहिले मोठे यश, १९९० चा एफए कप, मिळण्यास जवळजवळ चार वर्षे लागली. त्या काळात त्यांनी संघाची तरुणांना घडविणारी यंत्रणा नव्याने उभी केली. २०१३ पर्यंत १३ लीग विजेतेपदे मिळाली, ती बऱ्याच अंशी त्या यंत्रणेतून आलेल्या खेळाडूंच्या आधारावर. फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हा एव्हर्टनचे डेव्हिड मॉइज यांना सहा वर्षांचा करार देण्यात आला. मॉइज यांनी आपले जुने सहकारी बरोबर आणले आणि विजेत्या संघाचे प्रमुख प्रशिक्षक बाहेर पडले. दहा महिन्यांत मॉइज यांना जावे लागले; संघ सातव्या क्रमांकावर आला. २०१८ च्या अखेरीस ‘आपला माणूस’ म्हणून ओले गुन्नार सोल्स्कयार या लाडक्या माजी खेळाडूला आणले गेले, पण त्यांच्या जवळजवळ तीन वर्षांच्या कारकिर्दीत एकही करंडक आला नाही. एके काळी घरात राहिलेला माणूस आणि पदासाठी घरात तयार केलेला माणूस, यांत अंतर असते.

शँक्ली आणि मॉइज दोघेही बाहेरचे. एकाने घरातल्या जाणत्यांना जवळ ठेवले, दुसऱ्याने ते ठेवले नाहीत. एवढ्या एका कारणाने सारे घडले असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि हा फरक दुर्लक्षणीय खासच नाही.

बार्सिलोनाची कथा याच सत्याची आर्थिक बाजू दाखवते. २००८ साली त्यांनी दुय्यम संघाचे प्रशिक्षक पेप ग्वार्दिओला यांना बढती दिली. पहिल्याच मोसमात लीग, राष्ट्रीय चषक आणि चॅम्पियन्स लीग ही तिन्ही विजेतेपदे मिळाली. २०१० च्या सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या पुरस्कारासाठी अखेरच्या यादीत आलेले मेस्सी, इनिएस्ता आणि झावी हे तिघेही संघाच्या स्वतःच्या प्रशिक्षणकेंद्रात वाढलेले होते. पुढे, २०१७ साली नेमारच्या विक्रीतून २२ कोटी २० लाख युरो हाती आले आणि महागड्या खरेदीचा सपाटा सुरू झाला. २०२१ साली कर्ज एक अब्ज युरोंच्या वर गेले होते आणि मेस्सीला निरोप द्यावा लागला.

आपल्याकडील शिडी

आपल्याकडील चित्र याहून वेगळे नाही. गोव्याच्या डेंपो संघाने आर्मांदो कुलासो या गोमंतकीय प्रशिक्षकाच्या हाताखाली २००५ ते २०१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा असे गोव्याचे खेळाडू हा त्या संघाचा कणा होता. बाहेरून आलेले रँटी मार्टिन्स आणि बेटो त्या कण्याला जोडले गेले. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची परदेशी पाहुण्यांसाठी जणू राखीव झाली. मुंबईच्या मैदानांवर खेळलेले आणि तेथेच प्रशिक्षक झालेले खालिद जमील २०२१ साली या स्पर्धेतील पहिले कायमस्वरूपी भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले, तेही आधी साहाय्यक आणि मग हंगामी म्हणून काम केल्यावर. २०२५ साली त्यांच्याकडे राष्ट्रीय संघाची जबाबदारी आली. २०२३ साली मिरांडा यांनी हंगामी प्रशिक्षक या नात्याने ओडिशा संघाला सुपर कप जिंकून दिला. कायम पद मात्र त्यानंतर स्पेनच्या सेर्जिओ लोबेरा यांना मिळाले. लोबेरा यांच्या योग्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे, की हे पाहणाऱ्या दहा तरुण भारतीय साहाय्यकांनी यातून काय बोध घ्यावा?

हाच प्रश्न आपल्या कचेऱ्यांत आणि शिक्षणसंस्थांतही विचारला पाहिजे. वीस वर्षे प्रामाणिकपणे काम केलेल्या लिपिकाच्या किंवा अध्यापकाच्या डोक्यावर बाहेरून माणूस आणून बसवला, तर त्या एका व्यक्तीचीच निराशा होते असे नाही. तिच्या मागे रांगेत उभे असलेले सर्व जण त्या दिवसापासून कमी काम करू लागतात. ही हानी कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. उलट, केवळ सेवाज्येष्ठता म्हणजे पात्रता असे मानणेही तितकेच घातक. पेस्ली यांना बढती मिळाली ती ते फार वर्षे तेथे होते म्हणून नव्हे, तर त्या वर्षांत त्यांना दर पायरीवर वेगळे काम देऊन शिकू दिले होते म्हणून. आपल्याकडे माणूस वीस वर्षे एकाच टेबलावर ठेवायचा, आणि वेळ आली की ‘याला व्यापक अनुभव नाही’ असा शेरा मारायचा, ही रीत आहे.

तेव्हा जागा रिकामी झाल्यावर घरचा की बाहेरचा असा वाद घालणे हे उशिराचे शहाणपण होय. ज्या संस्थेने दहा वर्षे आधीपासून आपल्या माणसांना घडवले आहे, तिला बढतीचा मार्ग मोकळा असतो. जिने ते केले नाही, तिला बाहेरचा माणूस अधिक किंमत मोजून आणावाच लागतो, आणि जिची परंपरा शिळी झाली आहे तिने तो आणलाही पाहिजे. मात्र अशा वेळी त्याच्याशी करार करताना संचालकांनी एक प्रश्न अवश्य विचारावा: येथे आधीपासून काम करणाऱ्यांपैकी कोणाकोणाला आपण जवळ ठेवणार, आणि त्यांच्यातून आपला वारस कसा तयार करणार? या प्रश्नाला ज्याच्याजवळ उत्तर नाही, त्याची कीर्ती कितीही मोठी असली तरी त्याला खुर्ची देण्यापूर्वी दोनदा विचार करावा.