मोहाखालची राख
कारखान्यांतल्या आगींचा तपास करत आलेल्या मला चिमूरच्या रानाने नवी अक्षरं शिकवली. मार्च-एप्रिलमध्ये फुलं वेचता यावीत म्हणून मोहाच्या बुडाशी पालापाचोळा जाळतात. त्यामुळे वणवा लागला की संशय थेट वेचणाऱ्यांवर. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून येणारी उपग्रहाची सूचना सुमारे ३७५ मीटरच्या चौकोनापुरती असते. तेवढ्यात मोह किती!

म्हणून मी उलट चालतो. वाऱ्यासोबत धावणारी ज्वाळा खोडाला वळसा घालून पलीकडच्या अंगाला चढते. काळा डाग जिकडे उंच, तिकडे आग गेली. दगड मात्र आग आली त्या बाजूने काळवंडतो. मागे जावं तसे डाग बुटके होतात, अर्धवट जळलेलं गवत दिसू लागतं. उगम तिथेच कुठेतरी. कधी मोहाखाली, कधी पायवाटेच्या कडेला.

नुसती राख काही सांगत नाही. मोह वणव्याच्या वाटेतही येतो. १९२७च्या वन कायद्याच्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आग लावणं गुन्हा. पंचनाम्यातल्या ‘मोहामुळे’ या एका शब्दाने टोपलीवर हंगाम काढणारं घर कोर्टाच्या फेऱ्यांत सापडतं. आणि राखेतल्या खुणा वळवाच्या पहिल्या सरीपर्यंतच टिकतात.