घरात कॉम्प्युटर तीन, प्रिंटर मात्र एक

हाताने बिल फाडण्याचे दिवस आपल्या कापड धंद्यातून आता जवळजवळ गेले. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि नांदेड-लातूरच्या लहानसहान दुकानदारांच्या गल्ल्याशेजारीही कॉम्प्युटर येऊन बसला. नियमाप्रमाणे मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात. एक खरेदीदाराची, एक माल नेणाऱ्याची आणि एक आपली. त्यामुळे ऐन रमजानच्या हंगामात प्रिंटर अडला, तर बांधलेली गाठ दुकानातच पडून राहते.

आपल्यापैकी पुष्कळांचे दुकान खाली आणि घर वर असते. दुकानात बिलाचा कॉम्प्युटर, वर मुलांचा लॅपटॉप आणि कोपऱ्यात एक जुनी मशीन. ही जुनी मशीन टाकवत नाही, कारण तिच्यात जुने इनपेज असते आणि उर्दू दावतनामे व रसीदबुके अजून तिच्यावरच तयार होतात. नव्यात विंडोज ११, लॅपटॉपमध्ये विंडोज १०, जुन्यात विंडोज ७ नाहीतर एक्सपी. हा आळस नव्हे, नाइलाज आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये असावी लागते आणि ती जुन्या मशीनमध्ये नसते.

या सर्वांना एक प्रिंटर पुरावा ही अपेक्षा रास्त आहे. रूढ पद्धत अशी की, प्रिंटर एका कॉम्प्युटरला यूएसबी वायरने जोडायचा, त्याचे 'शेअरिंग' चालू करायचे आणि बाकीच्यांनी त्याच्यामार्फत छापायचे. विंडोज ७ मध्ये, म्हणजे २००९ पासून, त्यासाठी 'होमग्रुप' नावाची सोपी सोय होती. २०१८ मध्ये ती विंडोज १० मधून काढून टाकण्यात आली आणि अनेक घरांतील बसलेली घडी विस्कटली.

आमच्याकडेही तसेच झाले. लॅपटॉपवरून छपाई होईना, म्हणून एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने दहा मिनिटांत काम करून दिले आणि आम्ही खूश झालो. पुढे एकदा मुलीची मैत्रीण अभ्यासाला आली. तिने आपला लॅपटॉप आमच्या वाय-फायला जोडला आणि थोड्या वेळाने संकोचून म्हणाली, "चाचा, तुमच्या दुकानाची उधारीची यादी मला इथे दिसतेय." दुरुस्तीवाल्याने पासवर्डची अट काढली होती आणि प्रिंटरबरोबर हिशेबाचा अख्खा फोल्डरही सर्वांना खुला केला होता. कोणाकडे किती बाकी, कोणाची मुदत टळली, सगळे उघडे! गिऱ्हाइकाची उधारी ही आपल्याकडे अमानत असते. पोरगी भल्या घरची म्हणून इज्जत वाचली.

विंडोज इतकी अडवणूक का करते, हेही समजून घेतले पाहिजे. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई सांभाळणाऱ्या भागात, म्हणजे प्रिंट स्पूलरमध्ये, मोठी उणीव जगजाहीर झाली. तिला 'प्रिंट नाइटमेअर' असे नाव पडले. त्या वाटेने परका माणूस मशीनचा ताबा घेऊ शकत होता. म्हणून ऑगस्ट २०२१ पासून ड्रायव्हर बसवण्यासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागू लागला आणि सप्टेंबरपासून शेअर केलेल्या प्रिंटरच्या जोडणीवर कडक तपासणी सुरू झाली. शेवटी '११बी' असलेला त्रुटी क्रमांक अनेकांनी पाहिला असेल, तो या तपासणीचाच. दुरुस्ती काढून टाका, जुनी 'एसएमबी १' चालू करा, असे सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. पण कुलूप घट्ट बसते म्हणून दाराची कडीच उपटून टाकण्यातला हा प्रकार आहे.

खरा उपाय मला लातूरला, गंजगोलाईजवळच्या कापड लाईनमधील धाकट्या भावाच्या दुकानात पाहायला मिळाला. त्याने प्रिंटर कोणत्याच कॉम्प्युटरला जोडलेला नाही. लॅनची सोय असलेला प्रिंटर घेऊन तो थेट राउटरला जोडला आहे. प्रत्येक मशीन त्याच्याशी परस्पर बोलते. दुकानचा कॉम्प्युटर बंद असला तरी वरच्या मजल्यावरून छपाई होते आणि कोणाचाही फोल्डर खुला करावा लागत नाही.

हे करताना चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवावा. पत्ता बदलला की छपाई थांबते आणि दोष विनाकारण प्रिंटरवर येतो.

दुसरी, प्रत्येक मशीनवर 'टीसीपी आयपी पोर्ट' निवडून तो पत्ता द्यावा आणि त्या त्या विंडोजचा ड्रायव्हर बसवावा. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजला चालत नाही. नवा प्रिंटर घेताना तो पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट जाणतो का, हे विचारावे. असा प्रिंटर जुन्या विंडोजच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवरही बहुधा चालतो.

तिसरी, जुन्या मशीनला बाहेरची हवा लागू देऊ नये. एक्सपीच्या दुरुस्त्या एप्रिल २०१४ मध्ये आणि विंडोज ७ च्या जानेवारी २०२० मध्ये बंद झाल्या. विंडोज १० ची नियमित मोफत मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. इनपेजच्या मशीनला आयपी पत्ता हाताने द्यावा आणि 'गेटवे'चा रकाना रिकामा ठेवावा. मग ती घरातल्या प्रिंटरपर्यंत पोहोचते, इंटरनेटपर्यंत नाही.

चौथी, कार्बन प्रतीचा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल तर तो फेकू नये. प्रिंट सर्व्हर नावाची लहान डबी मिळते. ती आपल्या प्रिंटरला चालते का, हे दुकानातच पाहून घ्यावे.

एवढाही खर्च झेपत नसेल आणि यूएसबी प्रिंटरच वाटून वापरायचा असेल, तर पासवर्ड कायम ठेवावा व फक्त प्रिंटर शेअर करावा, फोल्डर नाही. दुसऱ्या मशीनवर प्रिंटर जोडताना 'लोकल पोर्ट' निवडावा, तिथे पहिल्या कॉम्प्युटरचे व प्रिंटरचे नाव लिहावे आणि ड्रायव्हर स्वतःच्या विंडोजचा बसवावा. आवृत्त्या निरनिराळ्या असल्या तरी अनेकदा एवढ्याने काम भागते.

सांगण्याचे तात्पर्य इतकेच की, दुरुस्तीवाला 'झाले' म्हणाला म्हणून पैसे देऊन मोकळे होऊ नका. काय उघडले आणि काय बंद केले, हे त्याला विचारा. मग पाहुण्याच्या मोबाईलवरून आपल्या वाय-फायवर काय दिसते, ते एकदा स्वतः पाहा. वही आपण कुलपात ठेवत आलो आहोत, कॉम्प्युटरमधली वहीही त्याच जपणुकीची हकदार आहे.