चिनी, म्हणजे नेमकी कोणती?

'आमच्याकडे चिनी बोलणारे कर्मचारी आहेत' एवढ्या आश्वासनावर टोरांटोत आईसाठी वृद्धनिवास पक्का करू नये. कँटोनीज आणि मँडरिन बोलणाऱ्यांची लिपी एक, पण एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही. आई तैशानीज ही आणखी वेगळी चिनी बोली बोलणारी असेल तर आणखीच पंचाईत. स्मृतिभ्रंशात उशिरा शिकलेलं इंग्रजी बहुधा आधी निसटतं, म्हणून रात्रपाळीला आईची भाषा बोलणारं कोण असतं हे विचाराच. टोरांटोच्याच स्कारबरो भागातलं यी हाँग वृद्धसेवा केंद्र १९९४ मध्ये याच गरजेतून सुरू झालं; तिथली प्रतीक्षायादी मात्र लांबलचक. सकाळी तांदळाची पेज, प्यायला गरम पाणी, दुपारी माहजाँगचा डाव, हे लाड नव्हेत. आणि चार नंबरची खोली नको, चिनीत 'चार'चा उच्चार 'मृत्यू'शी जुळतो.